गाय व्याली, काय झालं?

रात्री साडेनवाला धाकट्या भावाचा फोन आला. एरवी तो एवढ्या उशिरा फोन करत नाही, पहाटे चारला धारेला उठायचं असतं. "आक्के, ती चांदवाली गाय व्याली," म्हणाला. मी विचारलं, "काय झालं?" "खोंड." म्हणजे नर वासरू. आणि त्याच दमात, "तुमच्याकडं पाऊस हाय का?" वार पडली का, गाय उठून उभी राहिली का, हे मग मीच खोदून विचारलं. सगळं ठीक होतं. गायीला काही त्रास झाला नव्हता, वासरू चांगलं दणकट होतं. आवाजात दुःख नव्हतं, वैतागही नव्हता. लाइटबिल आल्याचं सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं होतं. पावसावर थोडं बोलून आम्ही फोन ठेवला. नंतर भांडी आवरताना माझ्या लक्षात आलं की वासराचा रंगसुद्धा मी विचारला नाही, आणि त्यानंही आपणहून सांगितला नाही.

आमचं गाव माणदेशातलं, आटपाडीच्या बाजूचं. मी लहान होते तेव्हा तिथं गाय म्हणजे खिलार. आबांच्या दावणीला एक गाय आणि तिच्याच पोटची बैलजोडी असायची. गाय व्यायला झाली की आबा गोठ्यातच घोंगडं टाकायचे. एकदा पहाटे मला कुणीतरी हलवून उठवलं, आणि बाहेर आबांचा आवाज आला, "खोंड झालं!" शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असा. दिवस उजाडल्यावर आज्जीनं वाटीतून गूळ वाटला होता. खिलार वासराच्या डोक्यावर जन्मताना विटकरी रंगाची झाक असते, दोन-तीन महिन्यांत ती जाते आणि वासरू पांढरं होत जातं. त्या विटकरी डोक्यावरून आबा सारखा हात फिरवत होते. त्या गायीच्या दुधाचा कुणी हिशेबच धरत नव्हतं. दिवसाला दोन-अडीच लिटर, त्यातलं वासराचं पोट भरून उरलं तर आमच्या चहाला. गाय पाळायची ती बैलासाठी. दूध ही वरकड गोष्ट होती.

त्या खोंडाकडं बघणाऱ्यांची नजरही ठरलेली असायची. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथं आबांचं बोट धरून फिरलेलं मला आठवतं. माणसं जनावराभोवती गप्प फिरायची. वशिंड कसं आहे, खूर काळे आणि मिटलेले आहेत का, शेपटीचा गोंडा कुठवर येतो, अंगावरचे भोवरे कुठं आहेत. मग एकजण पुढं होऊन ओठ वर करायचा आणि दात बघायचा. अदत म्हणजे अजून दुधाचेच दात असलेला, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. वयाचा दाखला तोच. मग चालवून बघायचं, परत फिरवून बघायचं. किंमत मात्र तोंडानं कुणी बोलत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालायचे, आत बोटांची दाबादाबी चालायची, आणि चेहरे असे, की दोघं कुणाच्या तरी मयताला आलेत. मला वाटायचं, आत काहीतरी चोरीचं आहे. आबा म्हणायचे, "चोरीचं कशाचं? भाव ऐकला की जनावराला वाईट वाटतं." ते खरंच तसं मानत होते की पोरीला गप्प बसवत होते, कोण जाणे.

हे लिहिताना सगळं गोड गोड होत चाललंय. तसं ते नव्हतं. गुळाची वाटी फिरली त्याच खोंडाला पुढं वेसण घातली, तेव्हा चार माणसांनी त्याला खाली पाडलं होतं, आणि नाकातून दाभण आरपार गेल्यावर तो जो ओरडला, तो आवाज मी माजघरात कानात बोटं घालूनही ऐकला. पुढं त्याला 'बैल करायचा' दिवस आला तेव्हा आम्हा मुलींना मुद्दाम मळ्यात पाठवलं होतं. त्याच्या जन्माचा आनंद तो जन्मभर ओढणार होता, याचा होता. मोटेचे दिवस तेव्हा सरले होते, पण नांगर, कुळव, पाभर, गाडी सगळं त्याच्याच मानेवर. आणि मान थकली की 'बाजार दाखवायचा'. म्हातारा बैल गेला त्या दिवशी आबा एकटेच बाजारातून परत आले, हातात नुसतं दावं. आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणारा शेतकरी होता की दुसरं कुणी, हे घरात कुणी विचारलं नाही. त्या पैशात थोडी भर घालून पुढच्या यात्रेत नवं खोंड आलं.

भावानं कारभार हातात घेतला तेव्हा बैल आधीच गेले होते. तासाला इतके रुपये देऊन ट्रॅक्टर येतो, सकाळपासून दुपारपर्यंत रान मोकळं. बाराही महिने बैलाला वैरण घालायची ती वर्षातल्या मोजक्या दिवसांच्या कामासाठी, हे गणित कुणालाच परवडणारं नव्हतं. आणि दारात एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन ही विलायती वाणाची गाय आली. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था सुरू केली, तिथून संकरित गायीचं वारं निघालं, १९७० नंतर दुधाचा महापूर आला, हे सगळं आपण शाळेत पाठ केलंय. आमच्या गावात तो महापूर पोचायला बराच उशीर लागला, पण आला तो दावणच बदलून गेला. काळी-पांढरी, पंधरा-वीस लिटर दूध देणारी गाय. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर कॅन. तिथं चमचाभर दूध यंत्रात जातं, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाचे) आकडे उमटतात, साडेतीन आणि साडेआठ भरले तर ठरलेला दर, खाली आलं की कापला. भाऊ ती पावती शर्टाच्या खिशात घालतो आणि घरी आल्यावर तारेला अडकवतो. त्या तारेवर पोरांच्या फी आहेत, घराचा स्लॅब आहे, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्या गायीला नावं ठेवायला माझं तोंड उचलत नाही.

पण त्या गायीला खोंड झालं, की ते कशाचंच नसतं.

जू अडकायला वशिंड नाही. आमच्याकडच्या उन्हात चार फेऱ्यांत धाप लागते. आणि मुळात ओढायला काही उरलेलंच नाही. पूर्वी खोंड असो की कालवड, म्हणजे मादी वासरू, गायीला पान्हा फुटायला वासरू लागायचंच. खिलार गाय वासराला चाटल्याशिवाय, त्यानं चार ढुशा मारल्याशिवाय दूध सोडत नाही. म्हणजे नकोशा वासराचाही धारेपुरता हक्क होता. संकरित गाय वासराविना पान्हवते. कास धुतली, खुराक समोर आला, यंत्राची घरघर सुरू झाली की सुटली धार. वासरू जन्मल्या दिवशीच बाजूला करता येतं, आणि ती चार-दोन दिवस हंबरून गप्प होते. राहिला हिशेब. वासराला रोज चार लिटर दूध पाजायचं म्हटलं, लिटरला तीस रुपये धरले, तर तीन महिन्यांत दहा-अकरा हजार. कालवड असली तर ही गुंतवणूक, अडीच वर्षांनी ती दुधाला येते. खोंड असलं तर? भावानं मला हे एकदा गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून दाखवलं होतं. उत्तराच्या जागी त्यानं काही लिहिलं नाही, खडू खिशात टाकला.

२०१९च्या पशुगणनेत देशात गोवंशाच्या माद्या साडेचौदा कोटी भरल्या, २०१२पेक्षा १८ टक्क्यांनी जास्त. नर मात्र त्याच सात वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घटून पावणेपाच कोटींच्या आसपास आले. निसर्ग आजही निम्मे-निम्मेच देतो. कालवडीच व्हाव्यात म्हणून वेगळी काढलेली कृत्रिम रेतनाची कांडी तेव्हा खेड्यापर्यंत जेमतेम पोचत होती. मग बाकीचे नर गेले कुठं, हा प्रश्न आकड्यांचा वाटतो, पण गोठा असलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती मान वळवून दुसरीकडं बघेल. १९७६च्या गोहत्याबंदी कायद्यात आपल्या राज्यात गाय वाचत होती, बैलाला दाखला घेऊन कत्तलखान्याची वाट होती. मार्च २०१५पासून बैल-वळूही बंदीत आले. त्यावर दोन्ही बाजूंनी मोठ्या आवाजात बोलणारे पुष्कळ आहेत, मी त्यात भर घालत नाही. गोठ्यात त्याचा अर्थ इतकाच झाला, की म्हाताऱ्या बैलाच्या पैशातून नवं जनावर घ्यायची सोय संपली आणि लहान खोंडाला होता नव्हता तोही भाव गेला. कत्तल कुणी करत नाही. फक्त दूध कमी पाजलं जातं. कुणी रात्री टेम्पोत घालून लांबच्या देवळापाशी सोडून येतं आणि सांगतं, "देवाला सोडलं."

बेंदराला मी गावी गेले. आमच्याकडं पोळा नाही, आषाढातला बेंदूर. लहानपणी आदल्या रात्री बैलांची खांदेमळणी व्हायची, मानेच्या घट्ट्यांना तूप-हळद चोळायचे, सकाळी शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, संध्याकाळी वाजतगाजत मिरवणूक. आता भाच्यानं हिंगुळाचा डबा उघडला आणि सगळे हसायला लागलो. गायींना शिंगंच नाहीत. लहानपणीच शिंगाचे कोंब जाळतात, गोठ्यात एकमेकींना मारू नयेत म्हणून. शेवटी त्यानं त्यांच्या पाठीवर हाताचे पंजे उठवले आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांवर एक-एक ठिपका दिला. बारा आकडी नंबरचे ते बिल्ले, सरकारदरबारी गायीचं आधार कार्ड. देव्हाऱ्यापुढं पाटावर कुंभाराकडून आणलेली मातीची जोडी मांडली होती, वशिंड चांगलं टोकदार काढलेलं. तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, भावानं वाकून नमस्कार केला, मीही केला.

चांदवाल्या गायीचं खोंड गोठ्याच्या टोकाला, पोत्यांच्या आडोशाला बांधलं होतं. काळंभोर, कपाळावर आईसारखाच चांद. कानात बिल्ला नव्हता. वहिनी पितळी घेऊन आली. वासराला भांड्यातून पिता येत नाही, त्याला मान वर करून लुचायचं माहीत असतं. मग दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची, ते बोटं चोखू लागलं की हात हळूहळू दुधात खाली न्यायचा. चुकून नाक बुडलं की फुर्र करून सगळं अंगावर. वहिनी म्हणाली, "आक्का, तुमी बगा जरा." त्याची जीभ खरखरीत आणि आतून ऊन ऊन. टाळूच्या खाचांत बोटं अशी आवळून धरतं, की सोडवून घ्यावीशी वाटत नाहीत. दूध पातळ केलेलं होतं, ते मला कळलं. कालवडींना ती पाणी घालत नाही. पण त्यांच्याइतकीच मेहनत घेऊन तिनं यालाही प्यायला शिकवलं होतं. "चीक पोटभर पाजला हां मी त्येला," ती आपणहून म्हणाली. "ह्ये म्हनलं, डेअरीला चीक घेत न्हाईतच, मग पाजायला काय हुतंय."

अशा बाबतीत पूर्वीची माणसं दयाळू होती, असं कुणी म्हणायला लागलं की मला आत्याच्या सासरची पंढरपुरी म्हैस आठवते. पाठीवर तलवारीसारखी शिंगं, दुधाला खात्रीची. पारडी झाली तर तिला तूप चोळायचे. रेडकू झालं तर आत्याची सासू म्हणायची, "जगलं तर जगलं." ते सहसा जगत नसे. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून तो सांगाडा म्हशीपुढं ठेवायचे, आणि ती बिचारी त्याला चाटून दूध सोडायची. मी ते एकदाच बघितलं. शिवलेल्या पोटातून पेंढ्याच्या काड्या बाहेर आल्या होत्या आणि चाटून चाटून मानेवरचे केस गेले होते. तेव्हा एचएफ नव्हती, ही बैलबंदी नव्हती, ट्रॅक्टर नव्हता. फक्त रेड्याचं काम नव्हतं.

उलट आज्जीच्या शेळीकडं बघा. तिला बोकड झाला की आज्जी खूश. शेळ्या काळ्या उस्मानाबादी जातीच्या, बहुतेक जुळीच द्यायच्या. जुळ्यात एक पाट आणि एक बोकड आला तर आज्जीची नजर बोकडावर. त्याला हरभऱ्याचा भुसा, शेवरीचा पाला, मक्याचे दाणे, वर नाव 'राजा'. सगळेच राजा, एकामागून एक. बकरी ईदच्या आधी व्यापारी यायचा. नगावर द्यायचा की वजनावर, यावर आज्जी अर्धा तास घासाघीस करायची, अजिबात मऊ पडायची नाही. पैसे मोजून कनवटीला लावले, की आत जाऊन चुलीत फुंकर घालत बसायची आणि राजाला दारातून नेईपर्यंत बाहेर यायची नाही. तिला धूर लागायचा म्हणून डोळ्यांत पाणी यायचं, असं आम्ही धरून चालायचो. मटण ती खायची, आवडीनं खायची. दोन्ही गोष्टी एकाच बाईत होत्या आणि तिला त्यात कधी अडचण झाल्याचं मी पाहिलं नाही. मला होते. पण मी काही पाळतही नाही, पिशवीतलं दूध कात्रीनं कापते.

शहरातल्यांनाही यातला एक तुकडा अगदी जवळून माहीत असतो, फक्त ओळख पटत नाही. शाळेबाहेर टोपलीत विकायला यायची ती गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं. आम्ही आत्याकडं सुट्टीला गेल्यावर हट्ट करून घेतलेली. अंड्यांसाठी पोसायच्या जातीत नर पिल्लाला काही काम नसतं. अंडी देणार नाही, आणि मांसाच्या जातीसारखं झटपट अंगही धरणार नाही. म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी नर-मादी निवडतात आणि नर बाजूला टाकतात. त्यातली काही रंग लावून पोरांच्या हातात येतात. आमचं गुलाबी पिल्लू बल्बच्या उबेला ठेवलं होतं तरी मेलं, आणि आम्हाला वाटलं, आमचंच काहीतरी चुकलं.

बेंदरानंतर महिनाभरानं वहिनीशी बोलताना मी खोंडाचं विचारलं. "गेलं की," ती म्हणाली. "हगवण लागली हुती. हळद-ताक पाजलं, डाळिंबाची साल उगाळून दिली." डॉक्टरांना बोलावलं होतं का, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मग ती गवारीच्या भावावर बोलायला लागली. पुढच्या खेपेला भाऊ कांडी बदलणार आहे. ती वेगळी केलेली, साध्या कांडीपेक्षा महाग, पण दहातल्या नऊ वेळा कालवड. त्याला त्यात मोठं समाधान आहे आणि मलाही ते पटतं. जे नकोच आहे ते जन्मालाच न येणं, यापेक्षा बरा मार्ग मला सुचत नाही. तरी डॉक्टर नायट्रोजनच्या धुरातून ती बारीक कांडी चिमट्यानं वर काढतात तेव्हा, काय सांगू, मला आपल्याकडच्या सोनोग्राफीच्या खोलीतल्या त्या पाट्या आठवतात. इथं उलटं आहे, एवढंच.

मजा म्हणजे याच गावात पलीकडच्या आळीत एक खोंड आहे, त्याला पंखा आहे. खिलार, अजून दुधाचे दात पडले नाहीत. त्याला दूध, अंडी, बदाम चालू आहेत आणि पाठीवर रोज मालिश. बैलगाडा शर्यती २०१४च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा सुरू झाल्या, मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवला, आणि खिलार खोंडाचा भाव लाखांत बोलला जाऊ लागला. आता ते नांगर ओढणार नाही, गाडी ओढणार नाही, काही सेकंद पळणार. त्या सेकंदांसाठी सगळं. मालक उपरण्याखाली हात घालत नाही, मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवतो. भाच्याच्या फोनमध्ये अशा बैलांच्या रीळ भरलेल्या आहेत, मागं हलगी वाजत असते. त्याच्या डोक्यात एकच आहे, आपणही एक खिलार गाय घ्यायची.

परवा जेवताना त्यानं बापापुढं विषय काढलाच. एक चांगली गाय, चांगल्या वळूचं रेत, आणि अदत खोंडांच्या शर्यतीच्या मैदानात आपलं खोंड. भाऊ भाकरी कुस्करत होता. "आन् कालवड झाली तर?" त्यानं विचारलं. पोरगं जराही अडखळलं नाही.

"मग तिला ठिवायची. तिला पुढं खोंड हुईल."

"आन् तवर वैरण?" भाऊ म्हणाला, आणि वहिनीकडं आमटीची वाटी सरकवली.